बसच्या दारातलं बोलणं

मासळीच्या घरात वाढलेल्या माणसाला सहसा किळस येत नाही. रंजीता मांढरेलाही येत नसे. तलावातला काळा गाळ, पोटरीला डसलेली जळू, उन्हात दोन दिवस विसरलेली झिंग्यांची टोपली, कशानेच तिचं नाक मुरडत नसे. पण 'असे आढळून येते' एवढे तीन शब्द कागदावर दिसले की तिला किळस यायची. कोणाला आढळलं? कोणत्या दिवशी? तो माणूस तिथे उभा होता, की घरी पंख्याखाली लोळत होता?

भद्रावतीकडच्या एका कॉलेजात ती भाषाविज्ञान शिकवायची, आणि पीएच.डी.ला बसलेल्या पोरापोरींना संशोधन लिहायला शिकवायची. पहिल्याच तासाला लाल पेन उगारून सांगायची, "माझ्या वर्गात काही आपोआप आढळत नाही. बघणाऱ्याचं नाव लिहा, दिवस लिहा. बघितलं नसेल तर तसं लिहा. जमत नसेल तर घरी जाऊन धान लावा, ते निदान खाता तरी येईल."

पोरं हसायची. ती हसायची नाही.

तिचा बाप वारलू, नागभीडकडचा ढिवर. गावच्या तलावात मोठं जाळं ओढायचं तर आठ माणसं छातीभर पाण्यात आणि एक म्हातारा पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा, असा हिशेब असायचा. म्हातारा ओरडायचा, "डावे, थांब! उजवे, खाली!" आणि जाळं वळायचं. पाण्यात उभ्या माणसाला लांब वाक्य परवडत नाही, हे रंजीता पाळीवर बसून सात-आठ वर्षांची असतानाच शिकली. पुढे नागपूरला एम.ए.ला गेल्यावर तिला कळलं की जगात काम करणारी माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचाही अभ्यास करतात, त्याला शोधनिबंध म्हणतात, आणि ते निबंध वाचवत नाहीत. तिला राग आला. तोच राग घेऊन ती भाषाविज्ञानात शिरली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "वेळ नाई भेटला." प्रश्न तिथेच मरायचा.

कॉलेजपासून बारा कोसांच्या आत कोळशाच्या तीन-चार खाणी. त्यातल्या एका उघड्या खाणीच्या फाटकावर ती दोन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, वही घेऊन उभी राहिली. आधी लोकांना वाटलं ही युनियनची बाई, मग वाटलं पेपरवाली, मग वाटलं डोक्याने थोडी कमी. शेवटी पहिल्या शिफ्टच्या सरदाराने, खुशाल डाहुलेने, तिच्यासाठी टपरीवरून लाकडी स्टूल आणवलं. "बसा जी मॅडम. उभं राहून आमचं बोलनं काई गोड नाई होनार."

सरदार म्हणजे शिफ्टभर खाणीत फिरून कडा, रस्ते, पाणी बघणारा माणूस. कुठे माती सुटली, कुठे भेग पडली, ते शिफ्ट संपताना त्याने वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. वही ऑफिसात. ऑफिस फाटकापासून अर्धा किलोमीटर आत. आणि बस दोन वाजून दहा मिनिटांनी सुटायची. वही लिहायला गेला त्याची बस गेली, आणि पुढची बस रात्री दहाला. म्हणून सतरा वर्षांपासून त्या खाणीतले सगळे सरदार वही सकाळी सहालाच भरत आले. खाली उतरायच्या आधी. 'सर्व ठीक. भेगा नाहीत. रस्ते सुरक्षित.' सकाळी सहा वाजता, दुपारी दोनची साक्ष! साहेबांना माहीत, तपासणीला येणाऱ्यांना माहीत, वही पुसणाऱ्या शिपायालाही माहीत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते खोटं नीट सुबक अक्षरात वाढत होतं.

रंजीताने ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला ओकारी आल्यासारखं झालं. पण मग ती बसच्या दाराशी उभी राहिली आणि तिथे तिला खरी वही सापडली.

बस फाटकाशी लागायची. दुसऱ्या शिफ्टचे लोक उतरायचे, त्याच बसमध्ये पहिल्या शिफ्टचे चढायचे. मधे चार-पाच मिनिटं. खुशाल दाराची दांडी डाव्या हाताने धरून पायरीखाली उभा राहायचा आणि उतरणाऱ्या एकेका डंपरच्या ड्रायव्हरला अडवायचा.

"काय गा अमर, जेवला का?"

"जेवलो जी."

"मंग भरल्या पोटी मरशील. चार नंबरच्या वळनावर कडेच्या मातीनं तोंड उघडलं हाये. माहा अख्खा पंजा गेला आत. डंपर तिकून नेशील त तुले गिळून ढेकर बी नाई देनार ते."

"हो जी."

"हो जी कायले? सांग परत."

"चार नंबरचं वळन. कडेले भेग हाये. भिंतीच्या अंगानं जाचं."

"अन् भरलेला असला त?"

"भरलेला त तिकून नेतच नाई. जुन्या रस्त्यानं नेतो."

"जाय आता. तुह्या सासऱ्याले सांग, जावई वाचवला म्हनून."

तेव्हा कुठे दांडी सुटायची. समोरच्याने 'परत' सांगेपर्यंत खुशाल बसमध्ये चढत नसे, आणि तो चढल्याशिवाय ड्रायव्हर बस हलवत नसे. हे कुठल्या नियमात नव्हतं. आतून लोक बोंबलायचे, "ओ सरदार, घरी बायको वाट पाहून राह्यली!"

"तुही काऊन पाहीन बे वाट? तुले पाहून पाहूनच थकली ते बिचारी."

रंजीताने असे तीनशे अकरा बसफेरे टिपले. त्यातल्या चौऱ्याण्णव वेळी दाराशी काही ना काही धोका सांगितला गेला होता. त्याच चौऱ्याण्णव दिवशी वहीत 'सर्व ठीक' होतं. तिचा निष्कर्ष दोन ओळींचा होता. ही खाण माणसं न मारता चालते ती बसच्या दारातल्या पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांना हात लावू नका; वही मात्र फाटकाशी आणून ठेवा, म्हणजे लिहिणाऱ्याची बस चुकणार नाही.

तिने तो निबंध मराठीत, खुशालच्या शब्दांसकट, बेचाळीस पानांत लिहिला आणि विभागप्रमुखांकडे दिला. इथून पुढची गोष्ट घाण आहे.

विभागप्रमुख डॉ. प्रवीण वासेकर हा फार गोड माणूस. इतका गोड की शेजारी बसलं तर हात चिकट होतील.

"मॅडम, मटेरियल एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण हे 'गिळून ढेकर' वगैरे... जर्नलला शोभत नाही."

"त्याने तसंच म्हटलंय."

"म्हटलं असेल हो. पण म्हटलेलं आणि लिहिलेलं यात काही फरक ठेवाल की नाही? द्या इकडे. मी जरा शास्त्रीय करून देतो."

पंधरा दिवसांनी शास्त्रीय होऊन आलं. बेचाळीसची चौदा पानं झाली होती. पहिलं नाव वासेकरचं, दुसरं तिचं. खुशाल गेला, अमर गेला, दांडी गेली. चौऱ्याण्णवचा आकडा तळटीपेत जाऊन बसला. आणि शेवटी दोन नवीन पानं जोडली होती: 'अनौपचारिक मौखिक संप्रेषणावरील अवलंबित्वामुळे वेळेचा अपव्यय होत असल्याचे आढळून येते. सबब मौखिक हस्तांतरण टप्प्याटप्प्याने कमी करून लिखित नोंदवही बळकट करावी.' वासेकरने ही पानं दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यावरच्या निबंधातून उचलली होती. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिफारशींची एक फाइलच होती. कोणत्याही निबंधाच्या बुडाला ती डकवता यायची.

आता नीट ऐका, कारण रंजीता ही गोष्ट स्वतःबद्दल कधी लपवत नाही. तिने ती पानं वाचली. टेबलावर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. तिची स्थाननिश्चिती, म्हणजे बढती, नऊ वर्षं एका छापील निबंधावाचून अडली होती आणि अर्जाची शेवटची तारीख सोमवार होती. तिने त्या शिफारशीसमोर समासात लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह काढलं. मग पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसली. मग ड्रॉवरमधून पांढऱ्या शाईची बाटली काढली, प्रश्नचिन्हावर ब्रश फिरवला, वाळेपर्यंत फुंकर मारली आणि सही केली.

निबंध छापून आला. वासेकरने तो खाणीच्या ऑफिसात नेऊन दिला. खाणीवर नवीन साहेब आले होते, त्यांना काहीतरी नवीन करून दाखवायची घाई होती. खाणीच्या सभागृहात 'कार्यस्थळावरील संप्रेषण' अशी कार्यशाळा झाली. रंजीताला शाल, श्रीफळ आणि काचेची एक पाटी मिळाली. साहेबांनी माइकवर सांगितलं की मांढरे मॅडमच्या मौलिक संशोधनानुसार येणाऱ्या शिफ्टची बस आता पूर्व फाटकाशी लागेल आणि जाणाऱ्या शिफ्टची पश्चिम फाटकाशी. गर्दी नाही, गप्पा नाहीत, रोज पंधरा मिनिटांची बचत. टाळ्या झाल्या. वही फाटकाशी आणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ती होती तिथेच राहिली.

खुशाल शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो दाराशी थांबला.

"अभिनंदन जी, मॅडम."

"सरदार, मी बोलते साहेबांशी."

"बोलजा."

ती बोलली नाही. त्या दिवशी साहेबांना नागपूरची गाडी धरायची होती. नंतर परीक्षा होत्या. नंतर स्थाननिश्चितीची मुलाखत होती. नंतर ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, तिनेच राहू दिलं. शाल कपाटावर पडून राहिली, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

ऑगस्टमध्ये, तीन दिवसांच्या पावसानंतर, चार नंबरच्या वळणावर माती सुटली. खुशालने दुपारी एकला भेग पाहिली होती. दोनला तो पश्चिम फाटकाशी होता. अमर दीड किलोमीटर लांब, पूर्व फाटकाशी उतरत होता. आत फोन न्यायला बंदी. खुशालने फाटकावर चलानं लिहिणाऱ्या मुनशीला सांगितलं, "अमरले सांगजो, चार नंबरच्या कडेनं जाऊ नको म्हना." मुनशी "हो हो" म्हणाला. मुनशीकडून परत वदवून घ्यायचं खुशालला सुचलं नाही. तो त्यांच्यातला नव्हता आणि दांडीही नव्हती हाताशी. मुनशी चलानांच्या ढिगात विसरला. सव्वातीनला अमरचा भरलेला डंपर कडेवरून उलटला. अमर वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

वही उघडली तर त्या दिवशीच्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलेलं: 'सर्व ठीक. भेगा नाहीत.' खाली खुशाल डाहुलेची सही. दोन दिवसांत खुशाल निलंबित. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चौकशी बसली, आणि सगळ्यांना दिसत होतं की चौकशी संपताना नोकरी जाणार ती त्याचीच.

रंजीताने बातमी पेपरात वाचली. तीन आठवडे ती खाणीच्या रस्त्याला गेली नाही. बाजाराला जायचं तर लांबून, रेल्वे फाटकाकडून जायची. याचीही तिला किळस आली. पण किळस आली म्हणून माणूस सुधारतोच असं नाही.

मग तो तास आला. दरवर्षी ती पोरांना एक काम द्यायची: छापलेलं एक असं पान आणा, जे वाचून कोणी काय पाहिलं ते अजिबात कळत नाही. नाव झाकून आणा, वर्गात वाचा, आपण त्याचं पोस्टमॉर्टेम करू. एटापल्लीकडची पुनम ही वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी. माडिया मुलांच्या शाळेतल्या बोलण्यावर तिचं काम चालू होतं. ती उठली आणि सरळ आवाजात वाचायला लागली.

"'अनौपचारिक मौखिक संप्रेषणावरील अवलंबित्वामुळे वेळेचा अपव्यय होत असल्याचे आढळून येते...'"

वर्ग हसला. एक पोरगा ओरडला, "कोणाला आढळलं बे? घड्याळ घेऊन कोन बसलं होतं?" दुसरा म्हणाला, "मॅडम, हा माणूस तिथे गेलाच नाही. पैज लावा." तिसरीने विचारलं, "किती वेळ वाया गेला तेही नाही लिहिलं. फेकलंय नुसतं."

रंजीताचा हात खडूसकट फळ्यावर थांबला होता.

"पुनम, हे पान कुठून आणलं?"

"नेटवरून, मॅडम."

"कोणाचं आहे, माहीत आहे?"

"हो." पुनमने मान खाली घातली नाही. "तुम्हीच म्हटलं होतं, नाव झाकून आणा."

ज्यांना समजलं नव्हतं त्यांनाही शेजाऱ्याचं तोंड बघून समजलं. रंजीता खुर्चीवर बसली. म्हणाली, "वाच पुढे. पूर्ण वाच. मग सांगा काय काय चुकलंय. कोणी मला वाचवायच्या भानगडीत पडू नका."

त्यांनी तासभर त्या पानाची चिरफाड केली. तिने प्रत्येक मुद्दा स्वतः फळ्यावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी ती खुशालच्या घरी गेली. तो अंगणात बांबूच्या कमच्या काढत बसला होता. त्याची बायको आशाबाई दारात उभी. आधी कितीदा इथे चहा झाला होता, चिवडा झाला होता.

"या," आशाबाई म्हणाली. "चायपत्ती संपली जी."

मागच्या चुलीवर चहाचं भांडं उकळत होतं. वास अंगणभर होता.

"असू द्या," रंजीता म्हणाली आणि खाटेच्या कडेला टेकली. "सरदार, मी चौकशीत येऊन सांगते. बसच्या दाराचं, वहीचं, सगळं."

खुशालने कमची वाकवून पाहिली. "तुमी दोन वर्सं आमच्या बसजवळ बसल्या. तुमाले स्टूल दिलं. मंग ते कोनी लिवलं जी?"

"दुसऱ्याने लिहिलं. सही माझी आहे."

"वाचून केली का न वाचता?"

"वाचून."

"हं." त्याने कमची बाजूला ठेवली. "मीबी न पाहता सही करत होतो, सतरा वर्सं. तुमी पाहून केली. आता सांगा, जास्त शिकलेलं कोन?"

आशाबाई आतून म्हणाली, "विचारून कायले राह्यले त्याईले? त्याईचं पगारपत्रक थोडीच फाटते."

"आता फाटेल," रंजीता म्हणाली. "तो निबंध खोटा ठरला की माझी स्थाननिश्चिती रद्द होईल."

"अन् अमरचा पाय?" आशाबाईने विचारलं.

खुशालने कमची परत हातात घेतली.

वासेकरला कळायला एक दिवस लागला. तो तिच्या खोलीत आला, खुर्ची ओढून बसला, आवाज खाली केला. "मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका. ती शिफारस होती, आदेश थोडाच होता? खाणीनं काय करावं ते खाणीनं ठरवलं. आपण संशोधक. निबंध लिहितो, लोक कुठे वाचतात?"

"त्यांनी वाचला."

"तेच तर दुर्दैव! आणि तुम्ही आता मागे घेतला तर माझंही नाव जातं. माझे दोन विद्यार्थी त्याच निबंधाचा हवाला देऊन बसलेत. त्यांचं काय? संस्थेची बदनामी किती?"

रंजीताने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टाच्या खिशात चार पेनं होती, आणि तिच्या मनात आलं, यातल्या एकाही पेनाने या माणसाने आयुष्यात स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहिली नसेल. तलावाच्या तळाचा मेलेला गाळ तिने हातांनी उपसला होता. त्या गाळाला इतका वास नव्हता. "सर," ती म्हणाली, "खिडकी उघडा जाताना."

चौकशी खाणीच्या त्याच सभागृहात होती. शालीचं स्टेज होतं तिथे आता टेबल. नागपूरहून आलेले चौकशी अधिकारी, साठीला टेकलेले, सभ्य, कंटाळलेले. बाजूला एक बाबू टाइप करायला. खुशाल भिंतीला लागून खुर्चीवर.

रंजीताने सगळं सांगितलं. वही सकाळी का भरतात. दार, दांडी, 'सांग परत'. तीनशे अकरा फेरे, चौऱ्याण्णव धोके. टिपणवह्या तिने टेबलावर ठेवल्या, तारखांसकट. दोन फाटकं झाल्यावर ते बोलणं बंद पडलं, हेही.

"पण मॅडम," अधिकारी म्हणाले, "ज्या निबंधाच्या आधारावर दोन फाटकं झाली त्यावर तुमचीच सही आहे."

"आहे. ती दोन पानं माझ्या अभ्यासातून आलेली नाहीत. ती खोटी आहेत हे मला सही करतानाच कळलं होतं."

"मग केली कशाला?"

"बढतीसाठी."

टाइप करणाऱ्या बाबूचे हात थांबले. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग बाबूला हळू आवाजात काही सांगितलं, त्याने दोन ओळी बडवल्या आणि कागद काढून तिच्यापुढे सरकवला. "सही करा."

कागदावर लिहिलं होतं: 'सदर प्राध्यापिकेने आपले म्हणणे मांडले. शिफ्ट बदलताना संप्रेषणात त्रुटी असल्याचे आढळून येते.'

इतका वेळ बोलून हे! चौऱ्याण्णव दिवस, एक पाय, एका माणसाची अडतीस वर्षांची नोकरी, सगळं गिळून या दोन ओळींनी ढेकरही दिला नव्हता.

तिने पेन खाली ठेवलं आणि टेबलाची कड डाव्या हाताने धरली.

"सांगा परत," ती म्हणाली.

"काय?"

"मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा, साहेब. भेग कोणी पाहिली? किती वाजता? कोणाला सांगितली? ज्याला सांगायची त्याला का सांगता आली नाही? तुम्ही सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही आणि हे टेबलही सोडणार नाही."

"मॅडम, ही काय पद्धत झाली?"

"इथलीच पद्धत आहे. या खाणीत सतरा वर्षं चालत होती. एकही पाय गेला नव्हता."

भिंतीजवळ खुशाल उठून उभा राहिला होता. अधिकारी त्याच्याकडे बघत राहिले, मग तिच्या हाताकडे. टेबलाची कड धरून बोटं पांढरी झाली होती. शिपाई दारात पाण्याचा ट्रे घेऊन तसाच उभा. जेवणाची वेळ टळत होती आणि बाई हलणार नाही हे दिसत होतं.

"भेग..." अधिकारी म्हणाले, आणि घसा खाकरला. "भेग सरदार डाहुले यांनी पाहिली. दुपारी एक वाजता."

"पुढे?"

"अमरला थेट सांगता आली नाही. कारण बसची फाटकं वेगळी केली होती."

"कोणी केली?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "व्यवस्थापनाने."

"कशाच्या आधारावर?"

"तुमच्या निबंधाच्या."

"बरोबर. मग डाहुलेंनी काय केलं?"

"मुनशीला निरोप दिला. मुनशीने तो पोचवला नाही."

"अन् वही?" हे भिंतीजवळून खुशाल बोलला.

"वही सकाळी भरली जाते. सगळे सरदार तसंच करतात. कारण..." अधिकारी टेबलावरच्या तिच्या टिपणवह्यांकडे बघून म्हणाले, "कारण बस चुकते."

"लिहा," रंजीता बाबूला म्हणाली. "जसं बोलले तसं."

बाबूने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. बाबूने लिहिलं. तिने वाचलं, एका ठिकाणी 'व्यवस्थापन' गाळलं होतं ते घालायला लावलं, मग सही केली आणि टेबल सोडलं.

पाच आठवड्यांनी खुशालचं निलंबन उठलं. वही सकाळी भरल्याची समज मिळाली, ती बाकीच्या सगळ्या सरदारांनाही मिळाली. वही फाटकाशी आली. बस पुन्हा एकाच फाटकाशी लागायला लागली. निबंध मागे घेतला गेला, रंजीताची स्थाननिश्चिती रद्द झाली, वासेकरची झाली नाही. त्याने खुलासा दिला की दुसऱ्या लेखिकेने त्याला चुकीची माहिती पुरवल्याचे आढळून आले.

रंजीताला यातून समाधान वगैरे काही वाटलं नाही. कोणी तिला धाडसी म्हणालं की ती तोंड वाकडं करायची. वेळेवर एक प्रश्नचिन्ह समासात राहू दिलं असतं तर या धाडसाची गरजच पडली नसती, असं ती सरळ सांगते. ती शाल तिने पिशवीतून काढली आणि वर्गातला फळा पुसायला ठेवली. चांगली पुसते.

मंगळवारी ती पुन्हा फाटकावर गेली. स्टूल कोणी आणलं नाही, ती उभी राहिली. अमरच्या जागी राजदीप नावाचा नवीन ड्रायव्हर आला होता, कानात गाण्याची वायर घालून. खुशालने दांडी धरली, दुसऱ्या हाताने ती वायर उपटली.

"काय गा, ऐकू येते का आता?"

"येते जी."

"तीन नंबरच्या उतारावर पानी साचलं हाये. ब्रेक नाई लागनार. सांग परत."

"तीन नंबर, पानी."

"अन्?"

"ब्रेक नाई लागत. पयल्या गेरात उतराचं."

खुशालचा हात दांडीवरून सुटला नाही. त्याने मान वळवून रंजीताकडे पाहिलं.

"मॅडम, तुमीबी सांगा परत."

बसमधले लोक हसले. ती हसली नाही. तिने वही मिटली आणि मोठ्याने सांगितलं, "तीन नंबरचा उतार. पाणी. ब्रेक लागत नाही. पहिल्या गियरमध्ये."

"हं," खुशाल म्हणाला, आणि बसमध्ये चढला.